बंद दुकानावरचा फोटो

१

मालनबाई वारल्याची बातमी खुद्द मालनबाईंना रविवारी सकाळी कळली, आणि तीही सख्ख्या बहिणीच्या तोंडून.

उषाबाई तेव्हा ओट्यावर चहा पीत होत्या. उषाबाई म्हणजे मालनबाईंची नणंद, अंबडच्या कोर्टातली वकील. कोर्टात त्यांच्या जिभेला न्यायाधीशसुद्धा वचकून असत. सुट्टी लागली की त्या जालन्याला भावजयीकडे यायच्या, दोन वेळा पोटभर जेवायच्या आणि कुणाशीही न भांडता परत जायच्या. हा रविवार मात्र तसा जायचा नव्हता.

फाटकाशी रिक्षा थांबली आणि आतून हंबरडा आला. "अगं माझे बाई गं! न सांगता गेलीस गं!" भोकरदनहून पहिल्या एसटीनं आलेली साळूबाई ऊर बडवत रिक्षातून उतरली. काखेत फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं.

दार मालनबाईंनीच उघडलं. तोंडात ब्रश, ओठाला फेस.

साळूबाईचा हंबरडा अर्ध्यातच थांबला. "तू... जित्ती हैस?"

"मंग? मेलेलं माणूस दात घासून राह्यलं का?" मालनबाई म्हणाल्या.

साळूबाई पायरीवर बसली. आधी रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. गावातल्या मास्तरांनी रात्री कॉम्प्युटरवर मालनबाईंचं गोधड्यांचं दुकान उघडलं होतं. दुकानाच्या जागी फोटो, फोटोखाली दुकान बंद झाल्याचं आणि आभाराचं लिहिलेलं. मास्तरांनी तसेच चपला घालून साळूबाईचं घर गाठलं होतं.

"सगळं भोकरदन रडून राह्यलं बाई. गोधड्या शिवणाऱ्या बायांनी सुया ठेवल्या खाली," साळूबाई म्हणाली. मग तिला काखेतल्या गाठोड्याची आठवण झाली आणि ती ओशाळली. आत पिठलं-भाकर होती. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही, सोयऱ्यांनी भाकर न्यायची असते. बहिणीच्या मयतीची भाकर तिनं पहाटे उठून स्वतःच्या हातानं थापली होती.

"फेकून देते," साळूबाई म्हणाली.

"ठेव तिथं. अन्न हाय," मालनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. त्या ब्रश हातात धरून उभ्याच राहिल्या. "उषाताई, बंद करते मी दुकान. जित्या बाईला सरणावर चढवणारं दुकान मला न्हाई पाहिजे."

उषाबाईंनी कप खाली आपटला. नवरा गेल्यावर याच बाईनं शून्यातून हे दुकान उभं केलं होतं. पाटलाच्या घरातली बाई म्हणून आयुष्यभर दुसऱ्याच्या नावानं ओळखली गेलेली मालनबाई या एका दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या नावानं उभी होती. आणि कुणीतरी त्याच पाटीवर तिला मारून टाकलं होतं.

"संध्याकाळपर्यंत थांबा, वहिनी," त्या म्हणाल्या. "हे कोणी केलं ते मी शोधते. त्याला असा सोलते की बघाच."

२

वसंताचं सायबर कॅफे नवीन जालन्यात, स्टेशनरोडवर, एका बियाणं कंपनीच्या ऑफिसखाली होतं. दुकान इंटरनेटवर मांडून देणारा तोच. उषाबाई आत शिरल्या तेव्हा तो टेबलावर डोकं धरून बसला होता. सकाळपासून त्यालाही फोन चालू होते.

"वकीलबाई, आईची शपथ, मी असलं काही केलं न्हाई."

"शपथा कोर्टात लई ऐकल्यात मी. पान दाखव."

त्यानं दाखवलं. हिवाळ्याच्या आधी दुकानातल्या सगळ्या गोधड्यांचे फोटो आणि किमती बदलायच्या होत्या. तेवढ्या दिवसांपुरतं दुकान झाकून पुढे एक पान लावायचं, असं शुक्रवारी ठरलं होतं. आल्या गिऱ्हाइकाला बंद शटर दिसण्यापेक्षा दोन शब्द दिसावेत म्हणून मालनबाईंनी ते पान स्वतः सांगून करून घेतलं होतं. मूळ पानाचा कागद भिंतीला चिकटवलेला होता. रंगीत फोटोत मालनबाई बाजेवर बसलेल्या, मांडीवर लालभडक गोधडी, तिचं एक टोक खांद्यावर, हातात सुई. खाली लिहिलं होतं, 'दुकानात साफसफाई चालू आहे. सोमवारी या, चहा पिऊ. मालनबाई.'

आता पडद्यावर निराळंच पान होतं. तोच फोटो, पण काळापांढरा. मांडी, गोधडी, सुई, सगळं कापून नुसता चेहरा आणि खांदे ठेवलेले. भोवती जाड काळी चौकट. खाली लिहिलं होतं, 'मालनबाई. दुकान बंद आहे. आजवरच्या प्रेमाबद्दल आभार.'

वर्तमानपत्रात रोज पानभर असेच फोटो येतात. जालन्यातलं शेंबडं पोरही असल्या पानाला हात जोडील. आणि तरी त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दुकान बंद होतंच. नाव खरं होतं. आभार मानणं हा काही गुन्हा नाही. फिर्याद द्यायची तर कशाची द्यायची?

"ही चौकट कुणाची?"

"चौकट माझीच," वसंता चाचरत म्हणाला. "पानावरच्या कुठल्याही फोटोला ती आपोआप बसती. रंगीत फोटोला बराबर शोभून दिसत होती."

"आणि काल दिवसभर हे पान तुला दिसलं न्हाई? तू इथंच बसून होतास ना?"

"दिसणारच न्हाई मला." वसंतानं शेजारच्या मशीनवर बोट ठेवलं. "हे बघा. या मशीनवर मी बाहेरचा माणूस आहे, म्हणून पान दिसतं. माझ्या मशीनवर मी पासवर्ड टाकून आत आहे, म्हणून दुकान दिसतं, नेहमीसारखं. काम करणाऱ्याला दुकान उघडं लागतं ना. पान बदलायलाही आत नुसते रकाने असतात, मजकुराचा एक, फोटोचा एक. पुरं पान बाहेरच्यालाच दिसतं."

उषाबाईंनी दोन्ही पडदे पाहिले. एकीकडे गोधड्यांची रांग, एकीकडे मेलेली भावजय.

"पासवर्ड कोणाला माहीत आहे?"

"मला, मालनमावशीला अन् नंदाबाईला. बस. काढू का आता ते पान?"

"न्हाई. संध्याकाळपर्यंत राहू दे. पुरावा आहे."

घरी फोन करून त्यांनी हे सांगितलं तेव्हा मालनबाई तिकडून कडाडल्या, "म्हणजे संध्याकाळपर्यंत मी मेलेलीच राहू?"

३

नंदाबाई ही दुकानातली भागीदार. गोधड्यांचे फोटो काढायचे आणि दुकानात चढवायचे हे काम तिचं. उषाबाई पोचल्या तेव्हा ती अंगणात दोरीवर गोधड्या टाकून काठीनं बडवत होती. धुळीपेक्षा रागच जास्त उडत होता.

"माझ्याकडं पासवर्ड हाय म्हणून माझ्यावर संशय, व्हय ना?" ती म्हणाली. "या मंग, धरा मला."

"तुमचं आणि वहिनींचं भांडण झालं होतं म्हणतात."

"झाल्तं ना. पानावर एकट्या मालनताईचा फोटो कशाला, असं म्हणाले मी. शिवतात सगळ्या बाया, फोटो एकीचा. मी म्हणाले फोटो मोठा करा, सगळ्या बाया अन् सगळ्या गोधड्या येऊ द्या. तोंडावर म्हणाले, मागून न्हाई."

"मग काल तुम्ही काय केलंत?"

"काम केलं. दुपारी नवी गोधडी चढवली, मिरचीरंगाची, काळ्या ठिगळांची. माझ्या मशीनवर दुकान चांगलं दिसून राह्यलं होतं. मला काय सपान पडलं का, की लोकांना फोटो दिसून राह्यला?" तिनं काठी खाली टाकली आणि पदर तोंडाला लावला. "संध्याकाळी आपली गोधड्या शिवणारी चतुराबाई रडत आली दाराशी. मी पळत मालनताईच्या घरी गेल्ते. खिडकीतून पाहिलं तर बाई भाजी निवडत होती. मी काहीच न बोलता परत आले. काय बोलणार? तू मेली म्हणतात, असं?"

"सांगायचं होतं!"

"तुम्ही सांगितलं असतं का?"

उषाबाई दोरीवरच्या गोधडीकडे बघत राहिल्या. ही बाई फोटोत जास्त गोधड्या मागत होती, आणि फोटो कापणाऱ्यानं नेमकी गोधडीच कापली होती.

४

तातेराव हा मालनबाईंचा चुलतदीर. त्याचं रजयांचं दुकान होतं, मशीनवर शिवलेल्या, चकचकीत, एका धुण्यात गोळे होणाऱ्या. मालनबाईंच्या गोधड्या आपल्या दुकानात आपल्या नावानं ठेवायच्या, हा त्याचा हट्ट त्यांनी सरळ झिडकारला होता. तेव्हा 'बाईचं दुकान किती दिवस चालतं ते बघतो' असं तो चारचौघांत बोलला होता. उषाबाईंनी रिक्षातच त्याच्यासाठी शिव्यांची जुळवाजुळव केली.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत अंधारात तातेराव एकटाच बसलेला. उषाबाईंना बघताच तो उठला आणि हात जोडून रडायलाच लागला.

"ताई, वहिनी गेल्या हो! शेवटचं बोलणं भांडणाचं झालं माझं."

"वहिनी घरी आहेत. सकाळपासून सगळ्यांना शिव्या देऊन राह्यल्या."

तातेरावचं तोंड उघडंच राहिलं. डोळ्यांतलं पाणी तिथंच थांबलं आणि हळूहळू त्या चेहऱ्यावर संताप चढला. "मंग ते कॉम्प्युटरवरचं? काल दुपारी पोरीनं दाखवलं मला. फोटो, काळी चौकट. गिऱ्हाईक आलं तर हाकललं मी, दुखवटा हाय म्हणून!"

"घरी का आला न्हाईत?"

"कोणत्या तोंडानं येणार? धर्मराजला फोन लावला काल. मेलेल्या माणसाच्या घरी पोरालाच फोन करतात ना लोक. तर तो म्हणाला, 'काका, मी बघतो.' एवढंच. मला वाटलं, पोरगं धक्क्यात हाय."

उषाबाई निघाल्या. जुळवलेल्या शिव्या तशाच राहिल्या. या माणसानं पान पाहिलं होतं, म्हणजे तो दुकानाच्या बाहेरचा होता. आत शिरणाऱ्याला हे पान दिसलंच नसतं.

मात्र एक गोष्ट त्यांना टोचायला लागली. धर्मराजला काल दुपारीच कळलं होतं. मग तो आईकडे का आला नाही?

५

धर्मराज हा मालनबाईंचा एकुलता एक मुलगा. बँकेत मॅनेजर, नवीन जालन्यात बंगला. त्याच्या दिवाणखान्यात मखमली गाद्या होत्या, काचेचं टेबल होतं, कोपऱ्यात कॉम्प्युटर होता. आईच्या हातची एकही गोधडी कुठं दिसत नव्हती.

"या आत्या," तो अदबीनं म्हणाला. "कसला चावटपणा केलाय लोकांनी! आईला फार त्रास झाला असेल."

"तू विचारलंस का तिला?"

"जाणारच होतो आज."

"काल दुपारी तातेरावांनी तुला सांगितलं की आई गेली. मी असते तर अनवाणी धावले असते रे."

धर्मराज जरा हसला. "आत्या, मी काही अडाणी न्हाई. असं काही ऐकलं की आधी खात्री करायची. मी लगेच इथंच बसून दुकान उघडून पाहिलं. दुकान चालू होतं. ती नवी मिरचीरंगाची गोधडी सगळ्यात वर होती. आई मेली असती तर नवा माल कोणी चढवला असता? म्हटलं, लोकांना काय, बोलायला विषय पाहिजे."

उषाबाईंनी पाण्याचा पेला हळूच खाली ठेवला. कोर्टात साक्षीदार नको ते बोलून गेला की त्या एकदम शांत व्हायच्या. आताही त्या शांत झाल्या.

"तुझ्याकडे दुकानाचा पासवर्ड आहे का रे?"

"छे! मला काय करायचाय? खरं सांगू? मी आईला कितीदा म्हटलं, बंद कर ते. पाटलाच्या घरची बाई तू. चिंध्या जोडून विकते, वर फोटो लावते. बँकेतली माणसं मला विचारतात, साहेब, ही तुमचीच आई का?"

"मग तू काय सांगतोस?"

धर्मराजनं आत्याचा चहा झाला का ते बघायला आत नजर टाकली.

६

घरी आल्यावर उषाबाईंनी भावजयीला पलंगावर बसवलं.

"वहिनी, दसऱ्याला तुम्ही धर्मराजकडे राहिला होतात. तिथल्या कॉम्प्युटरवर दुकान उघडलं होतं का?"

"व्हय. एका बाईचा निरोप बघायचा होता. पासवर्ड टाकून आत गेल्ते."

"बाहेर पडलात का मग?"

मालनबाई गोंधळल्या. "खिडकी बंद केली की. अजून काय करायचं असतंय?"

उषाबाईंनी डोळे मिटले. मालनबाई घरी आल्या होत्या, पण तिथलं मशीन आतच राहिलं होतं. दुकानाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या असं सगळ्यांना वाटत होतं, आणि चौथी त्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उघडी पडली होती.

"ऐका," त्या म्हणाल्या. "पान लागलं शुक्रवारी. मिरचीरंगाची गोधडी चढली शनिवारी दुपारी. तेव्हापासून आत्तापर्यंत ती गोधडी बाहेरच्या एकाही माणसाला दिसलेली न्हाई. तातेरावांना दिसली न्हाई, भोकरदनच्या मास्तरांना न्हाई. दिसली फक्त आत असलेल्यांना. वसंता आत होता, नंदाबाई आत होती, ते दोघं ते लपवत न्हाईत. आणि एकानं मला सांगितलं की त्यानं ती गोधडी पाहिली, आणि त्याच तोंडानं सांगितलं की त्याच्याकडे पासवर्ड न्हाई."

मालनबाईंनी नाव विचारलं नाही. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"आणखी एक. फोटोत काय ठेवलं ते सगळे बघतात. मी काय कापलं ते पाहिलं. वसंताला खोडी काढायची असती तर त्यानं आख्खा फोटो उडवला असता. नंदाबाईला तर गोधड्या जास्त पाहिजे होत्या. इथं कापली ती फक्त गोधडी आणि सुई. ज्याला तुमची लाज न्हाई, तुमच्या मांडीवरच्या चिंध्यांची लाज वाटते, असा एकच माणूस आहे."

साळूबाई दाराशी बसून पदरानं डोळे पुसत होती. मग मालनबाई उठल्या आणि कोनाड्यातलं ते फडक्याचं गाठोडं त्यांनी पिशवीत घातलं.

"चला," त्या म्हणाल्या. "वसंताला संगं घ्या."

७

धर्मराजनं दार उघडलं आणि आईला पाहून मागं सरकला. मागून त्याची बायको आली, तिला काहीच ठाऊक नसावं, ती पाया पडायला वाकली. मालनबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सरळ कॉम्प्युटरपाशी गेल्या.

"दुकान उघड."

"आई, अगं..."

"उघड म्हणते!"

त्यानं उघडलं. पासवर्ड न टाकता दुकान समोर आलं, गोधड्यांच्या रांगा, सगळ्यात वर मिरचीरंगाची. उषाबाईंनी वसंताकडे पाहिलं. वसंता पुढं झाला, दोन ठिकाणी दाबलं आणि बाजूला झाला. "आता मशीन बाहेर आलं, मावशी."

गोधड्या गेल्या. पडदा पांढरा झाला आणि त्यावर काळी चौकट उमटली. चौकटीत मालनबाई. 'आजवरच्या प्रेमाबद्दल आभार.'

धर्मराज खुर्चीतच आक्रसला. त्यानं ते पान बनवलं होतं, पण पाहिलं आत्ताच. त्याच्या मशीनवर कायम दुकानच दिसत आलं होतं.

"मी... ही चौकट मी न्हाई लावली," तो पुटपुटला. "रंगात गोधडी खांद्यावर दिसत होती, म्हणून काळापांढरा केला. मला फक्त दुकान बंद झालंय असं सांगायचं होतं. मेली असं कुठं लिहिलंय मी? माझ्याकडं तर काही बदललेलंच दिसलं न्हाई. मला वाटलं, झालंच न्हाई."

"शनिवारी दुपारपर्यंत वाटलं असेल," उषाबाई कडाडल्या. "मग तातेरावांचा फोन आला ना? तुझी आई गेली म्हणून ते रडले ना तुझ्याजवळ? तेव्हा कळलं ना काय झालंय ते? एक बटण दाबायला काय हात मोडले होते तुझे? रात्रभर भोकरदन रडलं. तू झोपलास!"

"मला वाटलं... आता आपोआपच थांबेल सगळं. लोक विसरतील. कोणाला काही लागलं तर न्हाई ना?"

उषाबाईंचा हात उठलाच होता. मालनबाईंनी तो धरला. त्या पडद्याकडे बघत होत्या, स्वतःच्या मेलेल्या चेहऱ्याकडे, आणि बोलल्या त्या वसंताशी.

"जुना फोटो लाव. रंगीत. सुई ठळक दिसली पाहिजे. खाली लिही, मालनबाई जित्ती हाय, दुकान उद्या उघडणार. अन् पासवर्ड बदल. नवा मला अन् नंदाला सांग, इथं न्हाई."

"आई, माफ कर," धर्मराज म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

मालनबाईंनी पिशवीतून गाठोडं काढलं आणि काचेच्या टेबलावर ठेवून गाठ सोडली. भाकरी सकाळच्या होत्या, कडक झालेल्या. पिठल्याचा वास मखमली गाद्यांवर पसरला.

"ही साळूनं थापलीय," त्या म्हणाल्या. "ज्या घरातली आई मेली, त्या घरी न्यायची असती. माझ्या घरी कोणी मेलं न्हाई, मंग मी ती माझ्याकडं कशी ठेवू? ही तुमच्या घरची."

दारापर्यंत जाऊन त्या वळल्या आणि सुनेला म्हणाल्या, "बाई, आज चूल पेटवू नको. त्याला हीच वाढ."